कापूस गल्लीत होता

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. कागद भरला तुमच्या माणसानं, पण खाली सही तुमची आहे, म्हणून त्या पोराच्या मागं न लागता मी थेट तुमच्याशीच बोलते. नदीकाठच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत, अगदी टोकाच्या घरात, कोणी राहत नाही असं तुम्ही लिहिलंत. त्या घरात मी सून म्हणून आले. तिथंच नवरा गेला. तिथंच निस्माला लहानाची मोठी केली. तुम्ही एका ओळीत आम्हाला पुसलंत आणि जेवायला गेला असाल.

माझं नाव इन्शिराह. गल्ली मला निस्माची आई म्हणते. तुम्हाला दोन्हींपैकी एकाही नावाची गरज पडली नाही.

मी चौथीच्या पुढं शिकलेली नाही, म्हणजे तुम्ही शिक्षण ज्याला म्हणता ते माझ्याकडं नाही. नदीवरच्या मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालता घालता मी इंग्रजी शिकले. पाहुणे निघून गेले की त्यांच्या चादरींत गुंडाळलेली पुस्तकं खाली यायची. मॅनेजर म्हणायचा, टाकून द्या. एकदा विटेएवढा जाड शब्दकोश आला. शब्दाचा अर्थ तर होताच, पण तो शब्द मूळचा कुठला, कुठून कुठून हिंडत आला, तेही लिहिलेलं. तो मी टाकला नाही.

मॅट्रेस हा शब्द मला आधीच ओळखीचा होता. रोज खोळींच्या कडेला शिवलेला दिसायचा. म्हणून पहिल्यांदा तोच शोधला. आणि तिथं काय लिहिलेलं, तर हा शब्द अरबी. मूळ ‘मतरह’. टाकणं, फेकणं या क्रियेवरून आलेला; काहीतरी जिथं टाकतात ती जागा. तिथून तो इटलीत गेला, मग फ्रेंचांकडं, आणि शेवटी इंग्रजांच्या पलंगावर चढून बसला. मी ओल्या गठ्ठ्यावर बसून एकटीच हसले. बरोबरची बाई म्हणाली, “काय गं, लागीर झालं का?”

हसू नको तर काय करू? कैरोत कुठल्याही पोराला विचारा, मतरह म्हणजे जागा. माझ्या मतरहवर बसू नको, तुझ्या मतरहवरून हलू नको, असं आम्ही दिवसातून शंभरदा म्हणतो. गादीला आम्ही मर्तबा म्हणतो. मग मी मनाशीच एक गोष्ट जुळवली. कुणी परका माणूस दमूनभागून आमच्या एखाद्या खापरपणजोबाच्या दारात आला असेल. यजमानानं जमिनीकडं हात करून सांगितलं असेल, ही तुझी जागा, आणि वर एक गादी टाकली असेल. पाहुण्याला वाटलं, या मऊ वस्तूचंच नाव मतरह. तो वस्तूचं नाव घेऊन घरी गेला. जागा इथंच राहिली. शब्दकोशात एवढं नव्हतं, हे माझ्या पदरचं. पण माणूस असाच चुकतो, हे मी नंतर तुमच्याकडंच पाहिलं.

त्या दिवसापासून मला चटकच लागली. सोफा आमचा, आमच्या सुफ्फ्यावरून, बसायच्या ओट्यावरून, गेलेला. कॉटन आमचं, आमचं कुत्न. मुरंबा ठेवतात ती जार आमची, ती आमची जर्रा. इंग्रजांच्या घरात आमचं घर सामानासकट जाऊन बसलंय आणि कोशवाल्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. तुम्ही माझ्या गावचे, माझ्या भाषेचे, आणि तुम्हाला माझ्या घरात मी दिसले नाही.

तुमचा नियमच घ्या. गल्ली पाडायची, तिथं नदीकडं तोंड करून उंच इमारती बांधायच्या, आणि ज्याचं बिऱ्हाड त्याला वाळवंटातल्या नव्या वस्तीत घर द्यायचं. इथपर्यंत ठीक. पण बिऱ्हाड कोणाचं, हे ठरवायचं कसं? भाड्याचे करार मेलेल्या माणसांच्या नावावर. माझा सासऱ्यांच्या नावावर, विजेचं मीटर शेजारच्या इतिदालच्या नावावर. लोक गोदामात शेगडी ठेवून इथं आम्ही राहतो म्हणायला लागले. मग तुम्ही डोकं चालवलंत. शेगडी चालणार नाही, अंथरूण दाखवा. जिथं अंथरूण, तिथं बिऱ्हाड. पाहणीवाले कधी येतील ते सांगायचं नाही, अचानक येतील, म्हणजे कोणाला फसवता येणार नाही.

झालं उलटंच. गल्लीतला पिंजारी उस्ताद बय्यूमी फोमच्या गाद्या आल्यापासून हातावर हात धरून बसला होता. तुमच्या नियमानं त्याला सुगीचे दिवस आले. इतिदाल त्याच्याकडं गेली तेव्हा मी तिथंच उभी होते.

“उस्ताद, गच्चीवरच्या कबुतरखान्यासाठी एक करून दे.”

“कबुतरं गादीवर झोपायला लागली?”

“कबुतरं नाही रे. माझा धाकटा. त्याचं वेगळं बिऱ्हाड आहे वर.”

“तो तर रियाधला आहे.”

“मग? सुट्टीला आला की उभ्यानं झोपेल का?”

“कापूस किती घालू?”

“कापूस कशाला नासतोस, भुसा भर. कोण दाबून बघतंय.” मग माझ्याकडं वळली. “इन्शिराह, तूही एक जास्तीची करून घे. निस्माच्या नावानं दुसरं घर निघेल.”

“निस्मा लग्न होऊन चालली. तिला नवऱ्याचं घर आहे.”

“हा खरेपणा भाकरीला लावून खाणार आहेस का तू?”

“माझ्या घरात आम्ही झोपतो, ते दाखवीन. जास्तीचं काही नको.”

“ही बघ,” इतिदाल बय्यूमीला म्हणाली, “हिला सरकारनं बक्षीस द्यायला पाहिजे.”

त्या दिवसांत गल्लीत कोणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गाडीचा आवाज आला की बायका उंबऱ्यावर. पोरांना शाळेला पाठवायचं की घरी ठेवायचं, माणूस दिसलं तर बरं की अंथरूण दिसलं तर पुरे, कोणालाच ठाऊक नाही. मी कामावरून येताना शेवटच्या वळणापासून पळत यायचे. येऊन बघायचे तर सगळं जागच्या जागी. मग श्वास घ्यायचे, आणि परत दारात जाऊन उभी राहायचे. शिजत टाकलेलं फूल, आमची वालासारख्या दाण्यांची उसळ, करपून जायची.

त्यातच निस्माचं लग्न. तिचा होणारा नवरा शहाता ट्रकवर असतो, त्याची रजा ठरलेली, पुढं ढकलता येण्यासारखं नव्हतं. आता आमच्या गल्लीची रीत तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही दुकानातून गादी उचलून आणणारे. आमच्यात मुलगी निघाली की घर आपल्या सगळ्या गाद्या उसवतं. एक न् एक. प्रत्येकीतला थोडा थोडा कापूस तिच्या गादीत जातो, आईच्या, बापाच्या, आजीच्या. उरलेला पिंजून परत आपापल्या खोळीत. नवऱ्याच्या घरी पहिल्या दिवशी पोरगी आडवी होते ती माहेरावरच. आणि हे सगळं गल्लीत, दारासमोर, चारचौघांत. घरात गुपचूप भरलेल्या गादीला आमच्यात कोणी विचारत नाही. सासरचे विचारतील, लपवलं काय होतं?

निस्मा म्हणाली, “आई, पाहणी होऊन जाऊ दे गं. मग उसवू.”

“पाहणीवाले कधी येणार ते त्यांच्या आईलासुद्धा माहीत नाही. शहाताची रजा संपली म्हणजे?”

“मग तुझी तरी राहू दे. माझ्यात तुझा कापूस नसला तर मी काही मरत नाही.”

“तू नाही मरत. मी मरते.”

नवऱ्याची गादी मी तो गेल्यापासून गुंडाळून कपाटावर ठेवलेली. ती पण काढली, सगळी निस्माच्या गादीत घालायला. दाभणानं टाके उसवताना आतून त्याच्या तंबाखूचा वास येईल असं वाटलं होतं. नुसती धूळ आली.

सकाळीच बय्यूमीनं दारासमोर सतरंजी घातली आणि धनुकली लावली. तार टणत्कारली, कापूस उडायला लागला. बायका गोळा झाल्या, गाणी झाली, आनंदाचे लांब लांब हेल काढून झाले, लाल शरबताचे पेले फिरले. घरातलं पलंग-कपाट आम्ही भिंतीला लोटलं, फरशा धुतल्या, कारण संध्याकाळी शहाताची आई गादी बघायला यायची होती. भांडी निस्माच्या सामानाबरोबर आधीच रवाना झालेली. मला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं. नेमके तेव्हाच तुमचे लोक वळणावरून आत आले.

पुढं एक तरणा इंजिनिअर, पांढरा शर्ट, हातात टॅब. मागं दोघं जण. कापसातून चालत आले. इतिदाल जी धावली ती थेट गच्चीवर, कबुतरखान्यात. नंतर कळलं, भुशाच्या गादीवर डोक्याला फडकं बांधून पडून राहिली आणि कण्हत होती. तिथं त्यांनी बिऱ्हाड लिहिलं.

मग माझ्या घरात आले. दोन्ही खोल्या फिरले. ओल्या फरशीवर त्यांच्या बुटांचे ठसे उठले.

“अंथरूण कुठाय?” इंजिनिअरनं विचारलं.

“ते काय, तुमच्या बुटांना चिकटलंय.”

“बाई, मी घरातलं विचारतोय.”

“घरातलंच आहे. पिंजायला काढलंय. मुलीचं लग्न आहे, दिसत नाही का? शरबत घ्या.”

त्यानं दारातून बाहेर पाहिलं. ढीग होता माणसाच्या कमरेएवढा. “मी कापूस कसा लिहू? इथं अंथरूण आहे की नाही, एवढंच विचारलंय.”

“संध्याकाळी या. दोन गाद्या घातलेल्या दाखवते.”

“आम्हाला परत यायला सांगितलेलं नाही.”

तोवर इतिदाल वरून खाली आली होती. आजार बरा झाला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मागच्या जिन्यानं माझी आणू का? हा बाहेर गेला की टाकू आतल्या खोलीत, आणि परत बोलावू.”

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “नको. माझी गादी इथं आहे. उसवलेली आहे एवढंच. केस मोकळे सोडले म्हणून बाईला टकली म्हणतात का?”

बायका हसल्या. इंजिनिअर पण हसला. पोरगा वाईट नव्हता, भ्यालेला होता, आणि भ्यालेला माणूस वाईटापेक्षा अवघड. त्यानं टॅबवर बोट टेकवलं, म्हणाला, “हरकत नोंदवा, वर ऐकतात.” मग शरबताचा पेला उचलून उभ्या उभ्या पूर्ण प्यायला. ज्या घरात कोणीच राहत नाही, त्या घरचं शरबत.

बय्यूमीचा हात थांबला होता. मी म्हणाले, “चालू दे उस्ताद.” अंधार पडायच्या आत गाद्या भरून झाल्या. निस्माची गुलाबी साटीनची, माझी निळी. शहाताच्या आईनं हात दाबून पाहिली, म्हणाली, चांगली घट्ट आहे. मला तिचं बोलणं लांबून ऐकू येत होतं. नव्या पिंजलेल्या गादीवर पाठ टेकली की माणूस दगडासारखा झोपतो म्हणतात. मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

हरकत नोंदवली. तुम्ही बोलावलंत. तो दिवस तुम्हाला आठवत नसेल, मला तुमच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडरसुद्धा आठवतं. मी निस्माला आणि बय्यूमीला घेऊन आले होते.

“पाहणीच्या वेळी अंथरूण होतं?” तुम्ही विचारलंत.

“होतं.”

“आत?”

“बाहेर. पिंजत होतो.”

“म्हणजे आत नव्हतं.”

“साहेब, तुम्ही आत्ता इथं आहात. म्हणून तुमच्या घरी कोणी राहत नाही का?”

“माझ्या घराची पाहणी नाही चाललेली.” कारकून हसला. तुम्ही बय्यूमीकडं बोट केलंत. “हा कोण?”

“पिंजारी. त्यानंच माझ्या गाद्या उसवल्या. जुना कापूस होता की नवा, यालाच विचारा. वर्षानुवर्षं दाबला गेलेला कापूस हाताला कळतो.”

“हा होय.” तुम्ही पहिल्यांदा नीट वर पाहिलंत. “याच गल्लीत भुशानं भरलेल्या गाद्या सापडल्यात आम्हाला, तीन घरांत. टाके एकाच हाताचे. आणि याच्या शब्दावर मी बिऱ्हाड मान्य करू?”

बय्यूमीनं मान खाली घातली. त्या तिघांत इतिदाल नव्हती, तिची कोणी दाबून पाहिलीच नव्हती.

मग मी तुम्हाला मतरहची गोष्ट सांगितली. मुद्दाम सांगितली. म्हटलं, हजार मैलांवरचे लोक आपला शब्द घेऊन गेले आणि जागेला गादी समजले. त्यांना माफ आहे, त्यांना आपली बोली येत नव्हती. तुम्ही तर इथलेच. तुम्ही गादीला जागा कसे समजलात? गादी आज इथं टाकली, उद्या तिथं. ती उचलली तरी माणूस जिथला तिथला असतो.

तुम्ही म्हणालात, “बाई, इथं भाषेचा तास चाललेला नाही.” आणि पुढचा माणूस बोलावलात.

जिन्यात बय्यूमी म्हणाला, “निस्माची आई, मी भुसा भरला नसता तर आज माझं ऐकलं असतं.”

“गप बस. त्या भुशावर तुझ्या घरची चूल पेटली. ज्यानं भुशाला भाव आणला तो वर खुर्चीत बसलाय.”

लग्न झालं. गाडीवर सामान चढलं, सगळ्यात वर गुलाबी गादी, जाईल त्या वाटेनं लोकांना दिसावी अशी. निस्मा गाडीपाशी अडून बसली. म्हणाली, “माझी राहू दे इथं. दोन दिसल्या तर कदाचित.”

“आता वीस दिसल्या तरी त्यांना दिसायच्या नाहीत. चढ.”

“तू कुठं जाशील?”

“तू चढ आधी.”

ती चढली. रडत नव्हती, रागावली होती. बरं वाटलं मला ते.

नंतरची हकिगत थोडी. इतिदालला दोन घरं मिळाली. त्यातलं एक कबुतरखान्याच्या बदल्यात. मी सध्या त्याच घरात राहते. भाडं ती घेत नाही, टोमणे घेते ऐकवून. “खरेपणा कसा लागतो गं चवीला?” असं जेवताना विचारते. मग स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात वाढते. दाराखालून रेती आत येते, पाणी एक दिवसाआड येतं. तुमच्या कागदावर त्या घरात तिचा धाकटा राहतो, जो रियाधला आहे. म्हणजे जिथं राहत होते तिथं मी नव्हते, आणि जिथं राहते तिथंही मी नाही.

पण मला तुम्हाला विचारायचंय ते गल्ली पाडली त्या दिवसाचं. तुम्ही आला नव्हतात, म्हणून सांगते. बाकीची घरं आदल्या दिवशीच रिकामी झालेली. यंत्र वळणावर येऊन उभं राहिलं. मी आतून कडी लावली आणि निळ्या गादीवर बसून राहिले. सकाळचीच वेळ होती. हवालदारानं दार ठोठावलं.

“घरातल्यांनी बाहेर यावं.”

मी गादीची सुरकुती हातानं सरळ केली.

“ओ बाई, तुम्हालाच सांगतोय. निघा बाहेर.”

“इथं कोणी राहत नाही,” मी आतून म्हणाले.

तो म्हणाला, “मग बोलतंय कोण?”

“ते तुमच्या साहेबांना विचारा. त्यांनी लिहिलंय, घर रिकामं आहे. रिकाम्या घराशी काय बोलता? पाडा.”

“बाई, माझ्या नोकरीवर येईल. मला पोरंबाळं आहेत.”

“रिकाम्या घरानं कोणाची नोकरी जात नाही. पाडा.”

तो दाराशीच खाली बसला असावा. हळू आवाजात म्हणाला, “मावशी, माझी आई पण अशीच आहे. उघडा ना.” मी जवळजवळ उघडणार होते. तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्यावर ओरडलं आणि त्यांनी दार तोडलं.

चार पोलीस बाया आत आल्या. मी उठले नाही. त्यांनी गादीची चार टोकं धरली आणि मला गादीसकट उचललं. जड होते मी. एक म्हणाली, खाली ठेवू का जरा, हात भरून आले. उंबऱ्यावर थांबल्या, दम घेतला, परत उचललं. गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. तिथं एका पोऱ्यासारख्या अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडून अंगठा मागितला. मी म्हणाले, मला सही येते. सही केली. कागद त्यानं लगेच उचलला, पण मी वाचलं होतं. लिहिलं होतं: रहिवाशास घरातून बाहेर काढले.

तो कागद तुमच्याकडंच आला असणार. दुसराही तुमच्याकडंच आहे, इथं कोणी राहत नाही म्हणणारा. दोन्हींवर तुमच्याच कचेरीचा शिक्का. दोन्ही खरे असू शकत नाहीत, एवढं कळायला चौथी पास बाई पुरते.

मला घर द्याल न द्याल, ते पुढचं. माझं वय झालं, मी कुठंही पाठ टेकीन. पण एवढं एक सांगा. त्या घरात कोणीच राहत नव्हतं, तर त्या चार बायांनी घाम गाळत बाहेर आणून ठेवलं ते कोणाला? मी तुमच्या दाराशी बसले आहे. सही करून उत्तर द्या.